प्राण्यांस मज्जाव

गेल्या मे महिन्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील एका थंड हवेच्या गावी दोन दिवस मुक्काम करण्याचा योग आला. ज्या लॉजमध्ये उतरलो, तेथील कचेरीत मॅनेजरच्या डोक्यावर श्रीदत्ताची भली मोठी तसबीर होती. मागे गाय, पायांशी चार कुत्री, तसबिरीला ताजा हार आणि पुढे उदबत्ती. तिच्या बरोबर खाली, त्याच भिंतीवर, लाल रंगात पाटी रंगविलेली होती : ‘पाळीव प्राण्यांस सक्त मनाई आहे.’ प्रत्यक्ष दत्तगुरू त्या दिवशी खोली मागावयास आले असते, तरी ‘चारही वेद बाहेर बांधून या’ असेच त्यांना सांगण्यात आले असते.

आमच्या पुढे एक चौकोनी कुटुंब नोंदवहीत नावे लिहीत उभे होते. दहा-बारा वर्षांच्या मुलीने खांद्याला अडकविलेली कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि ती पिशवी अधूनमधून हलत होती. मॅनेजरच्या ते ध्यानात आले नाही. किंवा ऐन हंगामात गिऱ्हाईक परत पाठविण्यापेक्षा ध्यानात न आलेले बरे, असा व्यवहारी विचार त्याने केला असावा. रात्री दीडच्या सुमारास खिडकीबाहेर काहीतरी खसफसले आणि पिशवीतील गुपित भुंकू लागले. पुढील अर्ध्या तासात साऱ्या लॉजमधील दिवे लागले. कोणाचे तान्हे मूल उठले, कोणा वृद्ध गृहस्थांचा रक्तदाब वाढला. अखेर त्या बापाने आपला पांढरा पामेरियन खाली नेला आणि काचा बोटभर उघड्या ठेवून त्याला मोटारीत कोंडले. अंगणात बॅटरी घेऊन फिरणारा चौकीदार म्हणाला, “साहेब, गाडीत ठेवलंत ते बरं केलंत. उघड्यावर बांधलं असतंत, तर सकाळी नुसता पट्टा उरला असता. आमचं कुत्रं दिवाळीनंतर असंच गेलं.” सकाळी त्या कुटुंबाला खोली सोडावी लागली. उरलेल्या दिवसाचे पैसे परत मिळाले नाहीत. मुलगी पायरीवर बसून रडत होती आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून ज्याच्यापायी हे सारे झाले तो प्राणी शांतपणे झोपला होता.

या प्रकरणात अपराध कोणाचा, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. कुटुंबाने लबाडी केली, हे उघड आहे. लॉजने मनाई केली, पण मनाई का, हे सांगितले नाही आणि दुसरी वाटही दाखविली नाही. कुत्र्याचा तर अपराधच नव्हता. अपरिचित जागी, अपरात्री, खिडकीशी रानातला वास आला असता भुंकणे हे त्याचे कर्तव्यच होते आणि ते त्याने चोख बजावले.

दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीत हा प्रकार आता सर्रास घडतो. पूर्वी तो घडत नसे, याचे कारण पूर्वीची माणसे अधिक प्रामाणिक होती असे नव्हे. वाड्यातला मोत्या किंवा वाघ्या हा वाड्याचा असे, एका बिऱ्हाडाचा नसे. एक बिऱ्हाड कोकणात आंबे खायला गेले, तरी दुसऱ्या बिऱ्हाडातून त्याला भाकरतुकडा मिळे. शेतावरचा कुत्रा शेतावरच राही. प्रवासाला कुत्रे नेणारी माणसे आपल्याकडे होती, नाही असे नाही. देशावरचे धनगर पावसाळा सरला की मेंढरे, घोडी, कोंबड्या आणि कुत्री यांसह घाट उतरत आले आहेत. परंतु धनगराच्या कुत्र्याला वाटेत काम असते आणि मुक्कामाला उघडे रान असते. आजच्या शहरी कुत्र्याला काम नाही. तो तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांत, तीन-चार माणसांच्या मायेवर जगतो. ती तीन-चार माणसे एकाच वेळी दाराला कुलूप लावून निघाली, की त्याला या जगात दुसरे कोणी उरत नाही. शेजारी सज्जन असतात. पण आठ दिवस दुसऱ्याचा कुत्रा सांभाळण्याइतका शेजारधर्म आता कोणी गृहीत धरू नये. म्हणून त्याला बरोबर नेण्याचा मोह होतो आणि जेथे नेऊ देत नाहीत तेथे लपवून नेण्याचा.

मज्जावाच्या पाटीपुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न विचारावयास हवा तो हा, की ही पाटी कोणाच्या रक्षणासाठी लावली आहे. आपल्याकडे सर्व पाट्या सारख्याच रंगात रंगविलेल्या असतात. ‘येथे थुंकू नये’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘विनापरवाना प्रवेश केल्यास गोळी घालण्यात येईल’ आणि ‘कुत्रे आणू नये’ या सर्व आज्ञा एकाच सुरात दिल्या जातात आणि नागरिकही त्या एकाच सुरात मोडतात. वस्तुतः लॉजच्या भिंतीवरील पाटी आणि अभयारण्याच्या दारावरील पाटी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली मालकाच्या सोयीची आहे. दुसरी ज्यांना पाटी लिहिता येत नाही अशांच्या जिवासाठी आहे.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातेतील गीरच्या जंगलात, दलखाणिया वनपरिक्षेत्रात, सिंह मरू लागले. तीन-चार आठवड्यांत तेवीस सिंह गेले. प्रारंभी आपसांतील झुंजींकडे बोट दाखविण्यात आले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा काही सिंहांच्या शरीरात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला. जोडीला गोचिडीमार्फत पसरणारा बाबेसिया हा परजीवीही होता. अमेरिकेहून लस मागविण्याची धावपळ करावी लागली. २०१५ च्या गणनेनुसार मोकळ्या रानातील आशियाई सिंहांची संख्या अवघी ५२३ होती आणि ती सारी एकाच प्रदेशात एकवटलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तेवीस मृत्यूंचे गांभीर्य कळते. डिस्टेंपर हा मूळचा कुत्र्यांचा रोग आहे. गीरच्या प्रकरणी कोणा एका कुत्र्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येणार नाही; परंतु माणसाच्या वस्तीतील कुत्री आणि रानातील श्वापदे यांच्यात रोगाची देवघेव होते, हे जगात अन्यत्रही दिसून आले आहे. टांझानियातील सेरेंगेटीत १९९४ साली याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. त्यानंतर त्या अरण्याभोवतीच्या वस्त्यांतील कुत्र्यांना लस टोचण्याचे काम तेथील शास्त्रज्ञांना हाती घ्यावे लागले.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन अभयारण्यातील आणि त्याच्यापासून पाच किलोमीटरांच्या आतील गुराढोरांना लस टोचण्याची व्यवस्था करण्याचे काम मुख्य वन्यजीव रक्षकावर सोपविण्यात आले. म्हणजे रानाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेतकऱ्याची गायसुद्धा कायद्याने रोगाचे संभाव्य वाहन मानली आहे. मग मुंबई-पुण्याहून दोन दिवसांच्या चैनीसाठी आलेल्या पाहुण्याच्या कुत्र्याने त्याहून अधिक सवलत कोणत्या तोंडाने मागावी?

यावर एक उत्तर ठरलेले असते : ‘आमच्या कुत्र्याला सर्व लशी दिल्या आहेत, तो कोणाच्या अध्यातमध्यात नसतो, आम्ही त्याला साखळीला बांधून ठेवू.’ हे म्हणणारी माणसे बहुधा खरेच बोलत असतात. परंतु गेटवरील वनरक्षकाने दर मोटारीमागे कोणता मालक खरे बोलतो आणि कोणता खोटे, याचा निवाडा करीत बसावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. शिवाय लस गोचिडीला अडवीत नाही आणि कुत्र्याच्या वासालाही अडवीत नाही. तो ज्या पायवाटेने जातो, तेथे आपली खूण ठेवतो. हरणासारख्या प्राण्याच्या लेखी तो साखळीला बांधलेला लाडका टॉमी नसतो. तो शिकारी असतो. आणि बिबट्याच्या लेखी तो काय असतो, हे त्या लॉजच्या चौकीदाराला ठाऊक होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेला बिबट्यांच्या आहाराचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. थंड हवेच्या ठिकाणी व्हरांड्याच्या खांबाला कुत्रा बांधून आत पत्ते कुटणाऱ्या पर्यटकाने हा आकडा मनाशी बाळगावा. त्या रात्री काही विपरीत घडले, तर दुसऱ्या दिवशी गावात पिंजरा लागतो आणि शिक्षा बिबट्याला होते.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट याहून निराळी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी राखण्याचे काम ग्रामस्थ आणि निसर्गप्रेमी मंडळी गेली वीसहून अधिक वर्षे करीत आहेत. कासवाची मादी रात्री वाळूत अंडी घालून निघून जाते. पुढे जवळजवळ दोन महिने ती अंडी केवळ वाळूच्या भरवशावर असतात. घरट्यांच्या शत्रूंत कोल्हा आहे, खेकडा आहे, पूर्वी अंडी विकणारा माणूस होता आणि कुत्रा तर आहेच. शहरातील बंद खोलीतून सुटलेल्या कुत्र्याला मोकळा किनारा दिसला, की तो धावतो आणि वाळू उकरतो. त्याच्या आनंदाचे छायाचित्र सुंदर येते, यात शंका नाही.

तेव्हा अरण्य, अभयारण्य आणि कासवांचा किनारा येथील मनाई निरपवाद असली पाहिजे, आणि तिच्यात मंत्र्याच्या, अधिकाऱ्याच्या किंवा चित्रपटतारकेच्या कुत्र्यासाठीही फट असता कामा नये. ही शेवटची पुस्ती उगाच जोडलेली नाही. २०१५ साली जॉनी डेप हा अमेरिकन नट खासगी विमानाने ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा त्याच्याबरोबर पिस्टल आणि बू या नावांचे दोन इवलेसे यॉर्कशायर टेरियर आले. त्यांची नोंद नव्हती, विलग्नवासही झाला नव्हता. ऑस्ट्रेलिया कुत्र्यांच्या रेबीजपासून मुक्त असलेला देश आहे आणि ते भाग्य टिकविण्यासाठी तो बाहेरून येणाऱ्या प्राण्यांविषयी अत्यंत कठोर असतो. कुत्री केशकर्तनासाठी दुकानात नेली, तेव्हा बिंग फुटले. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी कुत्री ताबडतोब अमेरिकेला परत न्यावीत, नाहीतर त्यांना मारण्यात येईल, असे जाहीरपणे बजावले. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी त्याची पत्नी अँबर हर्ड हिने प्रवासाच्या कागदपत्रात खोटी माहिती दिल्याचे न्यायालयात कबूल केले आणि त्या जोडप्याने क्षमायाचनेची चित्रफीत प्रसिद्ध केली. दोन मूठभर कुत्र्यांसाठी एवढे अवडंबर कशाला, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या मंत्र्याचा हेवा वाटला. आपल्याकडे एवढ्या बड्या पाहुण्याच्या कुत्र्यांना विमानतळावर कोणी हार घातले नसते, तरी नियमही दाखविला नसता.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा एक प्रसिद्ध खटला आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चार भाऊ वाटेत एकामागून एक कोसळतात आणि युधिष्ठिर उरतो. त्याच्यामागून एक कुत्रा अखेरपर्यंत चालत येतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, की स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर भक्ताचा त्याग करावयास नकार देतो. हा कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, असा पुढे उलगडा होतो. श्वानप्रेमी मंडळी ही कथा वारंवार सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात. युधिष्ठिराने तो कुत्रा उपरण्याखाली लपवून रथात घातला नाही. हा माझा कुत्रा नव्हेच, अशी थापही त्याने मारली नाही. दारात उभे राहून, प्रत्यक्ष देवराजाशी, त्याने उघड वाद घातला. आणि वाद हरला असता तर स्वर्ग सोडून मागे फिरण्याची त्याची तयारी होती. ज्याला आपल्या कुत्र्यावाचून करमत नाही, त्याला ताडोबाच्या दारातून मागे फिरता आले पाहिजे. स्वर्ग सोडण्यापेक्षा ते नक्कीच सोपे आहे.

परंतु हे सारे अरण्यापुरते झाले. लॉज, हॉटेले, शासकीय विश्रामगृहे, आगगाडी यांच्या मनाईला असा कोणताही आधार नाही. तेथे प्रश्न असतो तो घाणीचा, आवाजाचा, चावण्याच्या भीतीचा आणि इतर गिऱ्हाइकांच्या नाराजीचा. हे आक्षेप खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. कुत्र्याला भिणारी, त्याच्या केसांनी दमा उसळणारी किंवा त्याचा स्पर्श विटाळ मानणारी माणसेही पैसे मोजून आलेली असतात आणि त्यांच्या सुट्टीलाही किंमत असते. तथापि हे सारे आक्षेप अटी घालून दूर करता येतात. तळमजल्यावरील दोन खोल्या वेगळ्या ठेवणे, लशीचा दाखला मागणे, अनामत रक्कम घेणे, भोजनगृहात कुत्रा आणू न देणे, यांत अवघड असे काय आहे? काही हॉटेलांनी हे सुरू केले आहे आणि त्यांचा धंदा बुडालेला नाही. बाकीच्यांना पाटी रंगविणे अधिक स्वस्त पडते.

घराच्या बाबतीत कुत्र्याची बाजू अलीकडे पुष्कळ बळकट झाली आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्टही नाकारता येत नाही. म्हणजे राहत्या इमारतीत कुत्रा सन्मानाने लिफ्टने खाली उतरतो आणि प्रवासाच्या पहिल्याच पायरीवर बेकायदा होतो.

रेल्वेचेच पाहा. कुत्रा बरोबर न्यावयाचा, तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा किंवा साध्या पहिल्या वर्गाचा दोन अथवा चार बर्थांचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे असावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या वातानुकूलित डब्यात, शयनयानात किंवा चेअर कारमध्ये त्याला मज्जाव आहे. एरवी त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत होते. वाटेतील अन्नपाण्याची जबाबदारी मालकाची. ही पेटी ज्याने पाहिली आहे, तो आपला कुत्रा तीत ठेवण्यापूर्वी दहादा विचार करील. रात्रभराच्या प्रवासात गाडी दोन-तीन मिनिटे थांबते, तेवढ्यात मालकाने आपल्या डब्यातून उतरून, फलाटाच्या टोकापर्यंत धावत जाऊन, गार्डाच्या परवानगीने पाणी पाजावयाचे आणि परत आपला डबा गाठावयाचा! दुसरीकडे, पहिल्या वर्गाचा संपूर्ण कक्ष मिळणार की नाही, हे बहुधा तक्ता तयार होईपर्यंत कळत नाही. सामान्य पगारदाराला हा पर्याय खिशाला परवडत नाही आणि ज्याला परवडतो त्याला त्याची शाश्वती नाही. मग वेताच्या टोपलीत चादरीखाली मांजर आणि बाकाखाली पामेरियन, असा चोरटा प्रवास सुरू होतो. न नोंदविलेला कुत्रा सापडल्यास सहापट आकार लावण्याची तरतूद आहे. पण तपासनीसाशी जे ‘समजुतीने’ घेतले जाते, ते या आकारापेक्षा पुष्कळ स्वस्त असते, हे काय सांगावयास हवे?

जेथे नियम पाळणे हे जवळजवळ अशक्य करून ठेवलेले असते, तेथे तो मोडण्याची लाज हळूहळू नाहीशी होते. आणि लाज एकदा गेली, की माणूस लॉजची पाटी आणि अभयारण्याची पाटी यांत फरक करीत नाही. आज मॅनेजरला फसविलेली पिशवी उद्या वनरक्षकालाही फसविते. सरसकट आणि अकारण मनाईचे खरे नुकसान हे आहे.

मनाईच्या जागी शिस्त आणता येते, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या देशात बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला विलग्नवासाची सक्ती होती आणि पुढे दीर्घकाळ ही मुदत सहा महिन्यांची होती. लोक त्या मुदतीला कंटाळत, रडत, लपवाछपवी करीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळेच रेबीज त्या बेटावर पुन्हा शिरला, असे मानतात. तो निपटून काढण्यास १९२२ साल उजाडले. त्यामुळे मुदत ढिली करण्याचे धाडस पुढे कित्येक वर्षे कोणी केले नाही. अखेर २००० साली कातडीखाली बसविलेली ओळखचकती, रेबीजची लस आणि रक्ताची तपासणी यांच्या दाखल्यावर ठरावीक देशांतील कुत्र्यांना विलग्नवासाविना प्रवेश देण्याची योजना सुरू झाली. भीती खरी होती म्हणून ती मोडीत काढली गेली नाही. तिच्यावर कागदोपत्री आणि वैद्यकीय उपाय शोधण्यात आला. आपल्याकडे असा प्रयत्न अशक्य आहे असे म्हणवत नाही. व्यापक लसीकरणाच्या बळावर गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. दरवर्षी लक्षावधी पाहुणे झेलणाऱ्या राज्याला हे जमले. त्या पाहुण्यांच्या कुत्र्यांकडे लशीचा दाखला मागण्याचा अधिकार आता त्या राज्याला आहेच, आणि तेथील हॉटेलवाल्यांनी तो बजावला तर कोणी रागावू नये.

सुट्टीतल्या कुत्र्याची सर्वांत काळी बाजू अद्याप राहिली. बरोबर नेता येत नाही, ठेवावयास कोणी नाही, अशा वेळी काही माणसे तिसरी वाट धरतात. घाटातल्या एखाद्या वळणावर, ढाब्याच्या मागे किंवा महामार्गाच्या टोलनाक्यापाशी मोटार थांबते, कुत्रा खाली उतरविला जातो आणि मोटार निघून जाते. गळ्यात पट्टा असलेला, भाकरीकडे तोंड फिरविणारा, प्रत्येक येणाऱ्या मोटारीकडे मान वर करून पाहणारा कुत्रा ज्यांनी घाटात पाहिला आहे, त्यांना त्याची हकीगत सांगावी लागत नाही. असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास शिक्षा काय? कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. कायदा झाला तेव्हा पन्नास रुपयांना काही अर्थ होता; आज घाटातल्या त्याच ढाब्यावर एवढ्यात धड न्याहारीही होत नाही. दंडाची रक्कम वाढविण्याची बोलणी अनेक वर्षे चालू आहेत, २०२२ साली दुरुस्तीचा मसुदाही लोकांपुढे ठेवण्यात आला. कायद्याच्या पुस्तकात मात्र अद्याप पन्नास रुपयेच आहेत.

तेवढेच क्रूर, पण अजाणता घडणारे दुसरे कृत्य म्हणजे बंद मोटारीत कुत्रा ठेवून जाणे. अभयारण्याच्या गेटवर आल्यावर कळते, की कुत्र्याला प्रवेश नाही. सफारीचे पैसे आगाऊ भरलेले असतात, मुलांनी वाघासाठी महिनाभर दिवस मोजलेले असतात. मग काच थोडी खाली करून, वाटीत पाणी ठेवून, झाडाच्या सावलीत उभ्या केलेल्या मोटारीत त्याला तीन-चार तास ठेवण्याचा निर्णय होतो. चंद्रपूरकडील मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी वाढते, आणि झाडाची सावली जागची हलते हे जिप्सीत बसलेल्या माणसाला आठवत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो आणि भोवतीची हवाच तापलेली असली, की धापांचा उपयोग होत नाही. आखूड नाकाच्या पग किंवा बुलडॉगसारख्या जातींना तर फार थोडा वेळ पुरतो. हे कुटुंब निर्दय नसते. परत आल्यावर काच फोडून रडणारीही तीच माणसे असतात.

म्हणूनच ज्या दारावर मनाई पक्की, तेथेच निवाऱ्याची सोयही पक्की असली पाहिजे. प्रवेशद्वारापासून सुरक्षित अंतरावर, गावाच्या बाजूला, चार पक्के कप्पे, जाळीचे दार, पंखा, पाणी, एक नोंदवही आणि लशीचा दाखला पाहणारा माणूस, एवढ्याने भागेल. ज्यांच्या अंगणात हे अभयारण्य आहे, त्या गावातील तरुणांना किंवा महिला बचत गटांना हे काम देता येईल. सफारीसाठी हजारो रुपये मोजणारा पर्यटक त्यासाठी दोन-तीनशे रुपये मुकाट्याने देईल. सफारीचे आरक्षण करतानाच ‘पाळीव प्राणी आणू नये, आणल्यास निवाऱ्याची आगाऊ नोंद करावी’ ही सूचना ठळकपणे मिळाली पाहिजे. आज ती असलीच, तर बारीक अक्षरांतील अटींच्या गर्दीत हरवते. रेल्वेला नवे डबे बांधावे लागणार नाहीत. कुत्र्यासाठी लागणारा कक्ष आरक्षणाच्या वेळीच निश्चित करून द्यावा आणि गार्डाच्या डब्यातील पेटीला निदान वारा लागेल, पाणी ठेवता येईल अशी करावी, इतकेच मागणे आहे. लॉजवाल्यांनी पाटीवर आणखी एक ओळ लिहावी : कोणत्या अटीवर चालेल, आणि चालणार नसेल तर जवळ कोठे ठेवता येईल.

कुत्रा पाळणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. सुट्टीचा बेत ठरविताना त्याचे नाव शेवटी न घेता आधी घ्यावे. त्याला नेता येईल अशाच जागी जावे, किंवा त्याला सांभाळणाऱ्याची व्यवस्था झाल्यावर मग तिकिटे काढावीत. सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्यांकडे ठेवावयाचे असेल, तर एकदा स्वतः जाऊन जागा पाहावी, एक रात्र ठेवून पाहावे आणि तेथे इतर कुत्र्यांच्या लशीचे दाखले मागतात की नाही, हे विचारावे. न मागणाऱ्याकडे ठेवू नये. यापैकी काहीच जमत नसेल, तर त्या वर्षी घरातील एकाने मागे राहावे. आपल्या घरांतून म्हाताऱ्या आईसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलासाठी, गाभण गायीसाठी कोणी ना कोणी मागे राहतच आले आहे.

ताडोबाचा गाभा पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरअखेर, पर्यटकांना बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. चार कप्प्यांची शेड उभारावयास तीन महिने पुष्कळ झाले. दिवाळीच्या सुट्टीत त्या गेटवर मोटारींची रांग लागेल, तेव्हा तिच्यातील काही मोटारींच्या मागील काचेला नाक लावून एखादा टॉमी बाहेर पाहत असेल.